पणजोबांची गोळी आणि एरंडेलाची बाटली

लाइट गेली की आमच्या माहुरात दोन गोष्टी सुरू होतात, एक रातकिडे आणि दुसरी माझी बडबड. तेव्हा या, असे जवळ सरकून बसा. कंदिलाची काच पुसून ठेवलीय, खलबत्त्यात तांबूल कुटून झालाय, देवीला दाखवून उरलेला आपल्याला आहे. आज सांगणार आहे ती आमच्या वाड्यातल्या एका कोनाड्याची गोष्ट. ती इथून निघते आणि पार स्कॉटलंड-अमेरिकेपर्यंत जाऊन परत याच कोनाड्यात येते, पण वाटेत बऱ्याच ठिकाणी विडी ओढायला थांबते. घाई असेल त्यानं आत्ताच उठावं.

कोनाडा माझ्या पणजोबांचा. त्यांना मी पाहिलेलं नाही, पण माझी आजी त्यांची धाकटी सून, आणि तिच्या तोंडून मी ते इतके ऐकलेत की त्यांचा खोकलासुद्धा मला ओळखू येईल. त्यांच्या कोनाड्यात दोनच वस्तू असत. एक पितळेची झाकणाची डबी, तिच्यात अफू. आणि दुसरी एक हिरवट काचेची बाटली, तिच्यात एरंडेल. तेव्हा हा मुलूख निजामाचा, माहूर-किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६ साली ते नांदेडात आलं. निजामाच्या राज्यात अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळायची आणि सरकारची आबकारी त्यावर पोसायची, त्यामुळे एखाद्या म्हाताऱ्यानं संध्याकाळी गोळी घेतली तर कुणी भुवई उचलत नसे. पणजोबांचे गुडघे धरले, कुणीतरी सांगितलं थोडी घेऊन बघा, त्यांनी बघितली, आणि मग बघतच राहिले.

आजी सांगायची, ‘मामंजींची गोळी मुगाएवढी होती तेव्हा मी लग्न होऊन आले. थोरला जन्मला तेव्हा ती हरभऱ्याएवढी झाली. धाकटी नणंद सासरी गेली तेव्हा बोराच्या बीएवढी.’ आमच्या घराण्याची वंशावळ ही अशी गोळीच्या मापानं मोजलेली. पण पुढं ती जे म्हणायची ते मला लहानपणापासून चावत आलंय. ती म्हणायची, ‘गोळी वाढली बाबा, पण एरंडेलाचा चमचा पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच शेवटपर्यंत. माणूस अफूला सरावला, त्याचं पोट काही सरावलं नाही.’

आता हिची शाळा दुसरीपर्यंतही झालेली नव्हती. पण या एका वाक्यापाशी पोचायला औषधशास्त्राला शंभर वर्षं लागली, आणि ती कशी लागली हीच आजची गोष्ट.

आधी अफूचं सांगतो. खसखशीचं झाड तुम्ही बघितलं नसेल, पण खसखस अनारशावर थापलीत ना, ती ह्याच बोंडातली. बोंड हिरवं असताना त्याला बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर दुधासारखा चीक पाझरतो, सकाळी तो तपकिरी होतो, तो खरवडून घेतला की झाली अफू. सरकारी परवान्यानं ही शेती मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडं आणि राजस्थान, उत्तर प्रदेशात चालते. आपल्याकडं ती गुन्हा आहे, तरी २०१२ साली बीड जिल्ह्यात परळीच्या बाजूला शेतंच्या शेतं बोंडांनी डुलताना सापडली आणि आम्हाला वाटलं खसखस आहे, असं लोक सांगू लागले. खसखस पिकते म्हणतात ती अशी.

आपल्या वैद्यांनी हिला नाव दिलं अहिफेन, म्हणजे सापाचा फेस. नावातच इशारा आहे. शार्ङ्गधर संहितेत ती येते, आणि कर्पूररस म्हणून जी मात्रा आहे तिच्यात अफू घालतात ती कशासाठी, तर हगवणीवर. हे ध्यानात ठेवा. झोप आणि गुंगी तर हिची आहेच, पण आतड्याशीही अफूची ओळख तितकीच जुनी. शेतावर जाणाऱ्या बाया लेकरू रडू नये म्हणून त्याला राईएवढी चाटवायच्या, मुंबईच्या गिरणीतल्या बाया बाळगोळी द्यायच्या, ती हीच. लेकरू झोपायचं, पोट फुगायचं, आणि एखादं उठायचंच नाही. ते आजी सांगत असे तेव्हा कंदील बारीक करत असे.

तर आतडं. हे काय चीज आहे ते जरा बघू. आपण समजतो की मेंदू मालक आणि खाली सगळे सालगडी. पण १८६० च्या सुमारास ब्रेस्लाउ गावच्या आउअरबाख नावाच्या डॉक्टरानं आतड्याच्या भिंतीत, स्नायूच्या दोन थरांच्या मधोमध, एक जाळं पाहिलं. मज्जापेशींचं, कोळ्यानं पैनगंगेत टाकावं तसं विणलेलं, गाठीगाठीवर पेशींचा पुंजका. अन्ननळीपासून खालपर्यंत पसरलेल्या या आतड्याच्या मज्जाजाळ्यात कोट्यवधी पेशी आहेत, आणि १८९९ मध्ये बेलिस आणि स्टारलिंग या दोघांनी दाखवून दिलं की मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या तारा तोडल्या तरी आतडं आपलं काम करतंच. घास आला की त्याच्या मागं आवळायचं आणि पुढं सैल सोडायचं. परकराच्या नेफ्यात नाडी सरकवताना बाया कसं करतात, मागं चुण्या गोळा करायच्या आणि पुढं मोकळं सोडायचं, अगदी तसं. शेजारणीशी बोलता बोलता त्या नाडी ओवतात, तसंच आतडंही कुणाला विचारायला जात नाही.

आता माझी जात सांगतो. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. नांदेडला एका औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत मदतनीस होतो, आणि माझं मुख्य काम काजळी धरणं. हसू नका. तेव्हा आतड्याची हालचाल टिपायला कायमोग्राफ नावाचं यंत्र असायचं, एक गोल फिरणारा ड्रम. त्यावर गुळगुळीत कागद ताणून चिकटवायचा आणि रॉकेलच्या धुराच्या ज्वाळेवर तो ड्रम फिरवत फिरवत सगळीकडं सारखी काजळी बसवायची, जशी माझी आई तव्यावर काजळ धरायची. जास्त झाली तर थर गळतो, कमी झाली तर रेघ दिसत नाही. त्या काळ्या कागदावर तरफेचं टोक टेकलेलं असायचं, ते जिथं हलेल तिथं काजळी खरवडून पांढरी रेघ उमटायची, आणि शेवटी कागद राळेच्या द्रावणात बुडवून वाळवला की ती रेघ पक्की. एकदा बाहेरगावचे परीक्षक पांढराशुभ्र सदरा घालून आले आणि रेघ जवळून बघायला वाकले, आणि मग दिवसभर त्यांच्या छातीवर माझी कलाकुसर मिरवत होते. मला कुणी बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून ड्रमसमोर खडूची रेघ ओढली गेली.

तरफेला दोरा, दोऱ्याला गिनीपिगच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटीमीटर तुकडा, आणि तुकडा काचेच्या नळीत, क्षार आणि साखर घातलेल्या कोमट पाण्यात, अंगाच्या उबेएवढ्या. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. जनावर केव्हाच गेलेलं असतं, पण तुकडा तासन्‌तास जिवंत. त्याला विजेचा बारीक चिमटा दिला की तो टुणकन आखडतो, तरफ उचलते, काजळीत एक पांढरा खांब उभा राहतो. दर दहा सेकंदाला एक चिमटा, एक खांब. कुंपणाच्या मेखांसारखी रांग.

आमचे सर वर्षातून एकदाच कुलपातली मॉर्फिनची कुपी काढत, रजिस्टरात लिहून. मॉर्फिन म्हणजे अफूतला मुख्य अर्क. दोन थेंब नळीत पडले की मेखा बुटक्या व्हायला लागत, मिनिटा-दोन मिनिटांत रांग जमिनीला टेकत असे. मग नॅलोक्सोन नावाचा त्याचा उतारा टाकला की पुन्हा उंच. जर्मनीत ट्रेंडेलेनबर्गनं १९१७ सालीच पाहिलं होतं की मॉर्फिननं गिनीपिगच्या आतड्याची सरक थांबते, आणि इंग्लंडात पेटननं १९५७ मध्ये शोधलं की ती का थांबते. स्नायू थकत नाही, त्याला थेट रसायन दिलं तर तो आखडतोच. गप्प बसते ती मज्जापेशी. ती स्नायूला हाक मारायला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते, ते सोडणंच मॉर्फिन बंद करतं. म्हणजे सालगडी ठणठणीत आहे, मुकादमाचाच आवाज बसलाय.

कसा बसतो? पेशीच्या कातडीवर एक कुलूप असतं, म्यू ग्राहक म्हणतात त्याला. मॉर्फिनची किल्ली त्यात बसली की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं उघडतात, आतली वीज आणखी ऋण होते, पेशी पेंगते, आणि कॅल्शियमची जी दारं उघडल्याशिवाय रसायन बाहेर पडत नाही ती मिटून जातात. तुम्ही विचाराल, अफूच्या बोंडातल्या किल्लीचं कुलूप आपल्या आतड्यात कुणी बसवलं? हाच प्रश्न अ‍ॅबर्डीनच्या हान्स कॉस्टरलिट्झनं धरून ठेवला. हा माणूस बर्लिनचा, ज्यू म्हणून १९३४ मध्ये देश सोडावा लागला, स्कॉटलंडात आला, आणि लोक ज्या वयात पेन्शनच्या रांगेत उभे राहतात त्या वयात यानं नवी प्रयोगशाळा उघडली. त्याचा तरुण सहकारी जॉन ह्यूज पहाटे सायकलवरून खाटीकखान्यात जाऊन डुकरांचे मेंदू आणायचा. त्यातून गाळलेला रस ही मंडळी प्राण्यांच्या अवयवांच्या तुकड्यांना पाजायची, त्यात आपला गिनीपिगच्या आतड्याचा तुकडाही होता, आणि मेखा बुटक्या होतात का ते बघायची. मोठं यंत्र नाही, चव घ्यायला आतडं. १९७५ साली त्यांनी जाहीर केलं की शरीर स्वतःच अफूसारखं द्रव्य बनवतं, त्याला एन्केफॅलिन म्हणतात. कुलूप घरच्या किल्लीसाठी होतं, अफू ही सापडलेली बनावट किल्ली. कॉस्टरलिट्झ तेव्हा बहात्तर वर्षांचा होता, हे मी माझ्या मुलांना अधूनमधून ऐकवतो.

बरं, आता मुगाचा हरभरा कसा होतो ते.

आषाढात आमच्या माहूरच्या गडावर गेलात कधी? बुरुजापाशी वारा असा येतो की माणूस आपोआप पुढं झुकून चालतो. झुकायचं असं कुणी ठरवत नाही, पाय आपले आपण शिकतात. वारा जेवढा जास्त तेवढं झुकणं जास्त, आणि झुकलेल्या माणसाला तोच वारा मग जाणवत नाही, त्याला ढकलायला आणखी जोराचा लागतो. आणि वारा एकाएकी पडला की? तोंडावर.

मज्जापेशी असंच करते. प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक रहाट आहे, तो सोडियमच्या तीन घागरी बाहेर उपसतो आणि पोटॅशियमच्या दोन आत घेतो, म्हणून पेशीचं आत ऋण राहतं आणि ती निवांत बसते. वेस्ट व्हर्जिनियात फ्लेमिंग आणि टेलर यांनी गिनीपिगांना काही दिवस मॉर्फिनवर ठेवलं आणि मग त्यांच्या आतड्याच्या पेशींत बारीक सुई घालून वीज मोजली. रहाट मंद झाला होता. पेशी काही मिलिव्होल्टनं पुढं झुकून बसली होती, जरा कुणी खाकरलं की उठायच्या बेतात. आणि गंमत बघा, अशा आतड्याला मॉर्फिन तर कमी लागू पडतंच, पण मॉर्फिनशी काडीचंही नातं नसलेली, पेशीला शांत करणारी दुसरी रसायनंसुद्धा कमी लागू पडतात. म्हणजे पेशीनं नुसतं कुलूप बदललेलं नाही, बसण्याची ढबच बदलली आहे.

पण मला सगळ्यात वेडं केलं ते पुढच्या प्रयोगानं. १९७६ मध्ये कॉलियर आणि त्याच्या सोबत्यांनी आतड्याचा तुकडा आधीच कापून घेतला आणि रात्रभर मॉर्फिनच्या पाण्यात ठेवला. मेंदू नाही, मन नाही, संगत नाही, दुःख नाही, कर्ज नाही, काचेच्या भांड्यात बोटाच्या पेराएवढा तुकडा. सकाळी तो अफूला सरावलेला होता. आणि त्या पाण्यात उतारा टाकला तर तुकडा कचकन आखडला. तलफ लागली म्हणा ना! सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा मी मागं ड्रम पुसत होतो, माझा हात थांबला. अफूबाज म्हणून ज्या म्हाताऱ्याला गाव हसलं, त्याच्या पोटात हे चाललं होतं.

आजीची आठवण आहे, एका पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला, वाट चार दिवस तुटली, आणि डबी रिकामी. पणजोबांच्या जांभया थांबेनात, डोळ्या-नाकातून पाणी, अंगावर काटा, आणि पोट असं मुरडून आलं की परसाकडून घरात यायला फुरसत नाही. त्या चार दिवसांत एरंडेलाच्या बाटलीला कुणी हात लावला नाही. वारा पडला होता आणि म्हातारा तोंडावर आपटला होता.

पण मग आजीच्या चमच्याचं काय? आतडं जर असं सरावतं, तर बद्धकोष्ठ का सरत नाही? अफू किंवा मॉर्फिन घेणाऱ्यांचं दुखणं दबतं ते हळूहळू कमी दबायला लागतं, मळमळ चार-आठ दिवसांत जाते, गुंगी ओसरते, पण दोन गोष्टी हटत नाहीत, डोळ्याची टाचणीएवढी बाहुली आणि तुंबलेलं पोट. सगळी बुकं हे लिहीत होती. कारण मात्र मिळत नव्हतं, कारण सगळे बघत होते लहान आतड्याकडं. गिनीपिगचा तो तुकडा हाताला सोयीचा, म्हणून वर्षानुवर्षं मुख्यतः त्याच्यावरच काम झालं. उजेड असतो तिथंच लोक शोधतात.

२००८ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड गावी अकबरअली यांच्या प्रयोगशाळेनं उंदराचं लहान आतडं आणि मोठं आतडं शेजारी शेजारी टांगलं. सतत मॉर्फिन मिळत राहिलेल्या उंदराचं लहान आतडं पुढच्या मॉर्फिनला दाद देईना. मोठं आतडं मात्र पहिल्या दिवशीसारखंच गपगार. एकाच उंदराचं, एकाच रक्तावर पोसलेलं, हातभरही अंतर नाही, आणि एक भाऊ सरावला, दुसरा जन्मभर नवखा. मल साठतो तो या नवख्याच्या वाड्यात. आजीचा चमचा तिथं होता.

का, याचा एक धागा त्यांना मिळाला. बीटा-अरेस्टिन-दोन नावाचं एक प्रथिन असतं, ते वापरून झालेलं कुलूप आत ओढून नेतं. लहान आतड्यात रोजच्या मॉर्फिननं ते कमी होत जातं, मोठ्यात होत नाही. आणि ज्या उंदरांत ते जन्मतःच नाही, त्यांचं मोठं आतडंही मॉर्फिनला सरावतं! असं मानतात की हा गडी कुलपं आत नेऊन घासूनपुसून परत दारावर लावतो, म्हणून मोठ्या आतड्याचं दार रोज नवंकोरं, आणि रोज अफूला तेवढंच भुलणारं. याच प्रयोगशाळेचा २०१७ सालचा एक निबंध नातवानं मला मोबाइलवर दाखवला. लेखकांत पहिलंच नाव सुखदा भावे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त गेले. त्यांनी दाखवलं की मज्जापेशींच्या आजूबाजूला ज्या दायीसारख्या ग्लिया पेशी असतात, त्याही बरेच दिवस मॉर्फिन मिळालं की मोठ्या आतड्यात चिडून उठतात, दाह वाढवतात, आणि बद्धकोष्ठ टिकवून ठेवण्यात त्यांचाही हात असतो.

एक शेवटची विडी. शिकागोला लिऑन गोल्डबर्ग नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा एक मित्र कॅन्सरनं अंथरुणाला खिळला होता, मॉर्फिननं दुखणं आवरायचं पण पोट असं तुंबायचं की तो बिचारा कधीकधी मॉर्फिनच नको म्हणायचा. गोल्डबर्गांनी १९७९ च्या सुमारास डोकं लढवलं. मॉर्फिनचा उतारा घ्यायचा आणि त्याला विजेचा भार लागलेली अशी शेपटी जोडायची की तो मेंदूच्या कुंपणावरून उडी मारूच शकणार नाही. मग वर दुखणं दबलेलं राहील आणि खाली आतडं तेवढं मोकळं होईल. ते औषध, मिथाइलनाल्ट्रेक्सोन, बाजारात यायला २००८ उजाडलं. मित्र तोवर कुठला राहायला.

पणजोबांची डबी आईनं भांडेवाल्याला मोडीत दिली. बाटली आहे अजून, त्याच कोनाड्यात, आता तिच्यात गोकर्णीची वेल लावलीय.

तांबूल घ्या, आणि जाता जाता कामाची गोष्ट ऐका. आता मॉर्फिन पणजोबांसारखं दुकानातून आणायचं औषध नाही. ते कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टर देतात, २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून ते मिळण्याची वाटही सोपी केलीय, आणि दुखण्यानं ओरडणाऱ्या माणसाला ते सवय लागेल म्हणून नाकारणं मला पटत नाही. पण तुमच्या घरात कुणाला ते सुरू झालं, तर पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, की बरोबर पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय का, सोनामुखीचं असो की दुसरं. आठ दिवसांत पोटाला सवय होईल म्हणून थांबू नका. मोठ्या आतड्याला ती होत नाही.